उमाबाईचा पहिला भाग

(किल्लारीचं नवं गाव, २००४. समाजमंदिरातली वाचनालयाची खोली. दिवाळी नुकतीच झाली आहे. बाकीच्या बायका अजून यायच्या आहेत.)

गौसिया : नक्को बाई. मला तो पहिला भाग नक्को. कपाटात घाल, न्हाईतर माघारी ने लातूरला.

पुनम : खाला, अख्खा रविवार रद्दीच्या दुकानांत घालवला मी त्याच्यासाठी. हात काळे झाले. दुकानदार म्हणला, पोरी, बायोलॉजीचं गाईड घे, इथं कादंबरी मागणारी तूच पहिली. आणि तुम्ही म्हणता नक्को.

गौसिया : मग काय करू? भूकंपाच्या वेळी मदतीच्या ट्रकातून दुसरा भाग एकटाच आला. आम्ही तोच वाचला. पहिल्या पानावर उमाबाई शहरात हाय, खोली भाड्यानं घेतलेली, मशीनवर शिवून राहिली, आन पोरगं गावाकडं सासूजवळ. मी बी मशीनवर बसते. इतकी वर्षं ती माझ्या शेजारच्या मशीनवर बसल्यासारखी हाय. आता तू तिचं सासर उचलून आणलंस.

सिंधु : आपा, तुमचं राहू द्या थोडं. मला हिला एक विचारायचं हाय. किती पानांचं हाय गं हे?

पुनम : साडेतीनशे असतील.

सिंधु : आन वाचलंस कधी?

पुनम : झालं वाचून.

सिंधु : कधी, असं विचारलं मी. दसऱ्याला फोनवर म्हणलीस, टेस्टा चालू हायत, मान वर करायला फुरसत न्हाई.

पुनम : आई, आज वाचनाचं बोलायला बसलोय ना? दर दिवाळीनंतर बसतो तसं? पावसाळ्यात कुणी काय वाचलं ते सांगायचं. मग तू सांग आधी. वाचनालय तू सांभाळतीस.

सिंधु : माझं काय. खालच्या कप्प्यातलं मधमाश्यांचं वाचलं. माणूस नेमकं लिहितो, फापटपसारा न्हाई. आवडलं मला. पण म्हणतो, पेटी जुन्या आंब्याच्या सावलीत ठेवा. नव्या गावात जुना आंबा कुठून आणू? तिथं मिटलं.

गौसिया : माझं ते कोकणातल्या माशांचं. पुन्हा वाचलं.

पुनम : पुन्हा? खाला, किल्लारीत मासे मिळतात कुठं?

गौसिया : मिळत न्हाईत म्हणून तर वाचते. मिळाले असते तर रांधले असते. पण पान उलटलं की तिरफळ. हर सालनात, हर रश्श्यात तिरफळ. ते काय असतं, लिहिणाऱ्या बाईनं सांगितलंच न्हाई. तिला वाटलं साऱ्या जगाला माहीत हाय. पारूबाईनं मग वैद्याकडून त्रिफळा चूर्ण आणलं आन आमटीत घातलं.

पुनम : आमटीत?

गौसिया : तिचा नवरा शेषेराव दिवसभर रानातच. घरी यायची सोय न्हाई राहिली त्याची. आन ती मला म्हणते, पुस्तक खोटं हाय.

सिंधु : पुस्तक खोटं न्हाई. ज्यांच्या घरात नको होतं त्यांनी ते ट्रकात टाकलं, आन आपण वाचलं. निवडून कुणी पाठवलं न्हाई. तरी एक सांगते, उमाबाईवर आपण भांडलो तितकं कुणी भांडलं नसंल. माझं मत अजून तेच हाय. तिला घरातून काढलं.

गौसिया : काढलं न्हाई. घर पडलं आसंल, न्हाईतर धरणात गेलं आसंल. बाई आपल्या मनानं पोराला सोडून येते का?

पुनम : दोघी चूक.

गौसिया : ए पोरी, सांगू नको म्हणलं ना.

सिंधु : ते राहू दे. आधी माझं सांग. धुणं काढायला सकाळी तुझी पिशवी उघडली. सगळ्या कादंबऱ्या. फिजिक्सचं एक पुस्तक न्हाई, केमिस्ट्रीचं न्हाई. बाकीच्या पोरी दिवाळीला गठ्ठे घेऊन येतात. शिवमूर्तीची लेक न्हाणीत जाताना फॉर्म्युले म्हणते.

पुनम : ती झोपेत पण म्हणते. एका खोलीत राहतो आम्ही.

गौसिया : तिची माय सांगत होती, जेवता जेवता मधेच उत्तर देते. प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

सिंधु : आपा.

गौसिया : गप बसते बाई.

सिंधु : हां, सांग आता. बायकांपुढं सांगायचंच हाय, तर आधी मला सांग. पावसाळाभर काय वाचलंस?

पुनम : सांगते. एक डोंगरातल्या शाळामास्तराची होती. मास्तर लई बोलतो, अर्ध्यात सोडली. मग एक प्रवासवर्णन. त्यातला माणूस देवळापाशी पोचतो, थकतो, चहा पितो. पुढच्या गावात पुन्हा तेच. मग एका सुईणीची गोष्ट. ती दोनदा वाचली, कारण शेवटी सुईण रडत नाही आणि का रडत नाही ते लेखक सांगत पण नाही. आणि उमाबाई.

सिंधु : आन बायोलॉजी?

पुनम : जूनपर्यंत.

सिंधु : जूनपर्यंत काय?

पुनम : जूनपर्यंत वाचली.

सिंधु : क्लासला तरी जातीस का न्हाई?

पुनम : राखीपौर्णिमेपासून नाही.

गौसिया : या अल्ला.

सिंधु : सकाळी फोन केला की म्हणतीस, आई, क्लासला निघाले.

पुनम : निघतेच की. क्लासच्या दारापर्यंत जाते. दारात चपलांचा ढीग असतो, आई. पायऱ्यांवर, रस्त्यावर, सगळीकडं. आतून माईकवर सरांचा आवाज येतो. मला माझी चप्पल काढावीशीच वाटत नाही. मग पुढं वाचनालयात जाऊन बसते. तिथं पण सगळे सीईटीच करायलेत. कादंबऱ्यांच्या कपाटाची किल्ली मागितली तर तिथल्या बाईंना ती सापडेना.

सिंधु : आन हे मला आज, पिशवी उघडल्यावर. तोंड नव्हतं तुला?

पुनम : कसं सांगू? तू रागावत नाहीस. एसटीनं डबा येतो, त्यात धपाटे, वर लोण्याची वाटी. बाबा म्हणतात, पोरगी थकली असंल, तिला काही विचारू नका. खाला ड्रेस शिवून पाठवतात. कुणाशी भांडू मी?

गौसिया : तो निळा बसला का गं? गळा मोठा झाला की काय, मला शंका होती.

सिंधु : आपा, आत्ता गळा?

गौसिया : न्हाई, निघालं म्हणून विचारलं.

सिंधु : पुनम, तुला ठाऊक हाय मी हे कशापायी करते.

पुनम : ठाऊक आहे.

सिंधु : भूकंपाच्या दिवशी तुझ्या दादाला, सत्यमला, दुपारपर्यंत कुणी डॉक्टरनं बघितलं न्हाई. बोलत होता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पाणी मागत होता, आन मला कळंना, द्यावं का न्हाई. पाणी द्यावं का न्हाई, एवढंबी सांगणारं कुणी नव्हतं. तवा मी ठरवलं, आपल्या घरात एक तरी डॉक्टर पाहिजे.

पुनम : आई, तू हे पहिल्यांदा बोललीस. पण मला माहीत होतं. रक्ताचा धडा काढला की दादाच दिसतो. पान उलटते, तरी दिसतो. एका पानावर अख्खी संध्याकाळ जाते. म्हणून दुसरी पुस्तकं उघडायला लागले. चैन म्हणून नाही.

गौसिया : सिंधु, पाणी पी थोडं.

सिंधु : नको. मला हे सांग गं. पहिल्या भागात काय हाय? ती कामून गेली?

गौसिया : विचारू नको ना. माझी उमाबाई जाईल.

सिंधु : तुम्ही कान झाका. सांग तू. कुणी काढलं तिला?

पुनम : कुणी नाही.

सिंधु : नवरा मारायचा?

पुनम : नाही. साधा माणूस होता. सासू तर फारच चांगली. भाकरी तव्यावरून उतरली की पहिली सुनेच्या ताटात.

गौसिया : घर पडलं?

पुनम : दगडी घर. शेवटपर्यंत जागच्या जागी. काहीच पडत नाही.

सिंधु : मग गेली कशी? कारणच न्हाई तर बाई जाते का?

पुनम : तेच साडेतीनशे पानांत आहे. तिला ते घर नको असतं, एवढंच. पण सगळे चांगले, म्हणून निघायला इतका वेळ लागतो. वाईट असते तर दहाव्या पानावर गेली असती.

सिंधु : आन सासूला काय सांगून गेली?

पुनम : काही नाही. सासू पहाटे उठते, तर अंथरूण घडी घातलेलं.

सिंधु : पोरगं?

पुनम : सासूजवळ झोपलेलं.

गौसिया : आन मी त्या सासूला इतकी वर्षं शिव्या देऊन राहिले. मला वाटलं तिच्यामुळंच.

सिंधु : दुसऱ्या भागात त्या म्हातारीच्या तोंडी एक वाक्य न्हाई. पोरगं सांभाळती, एवढंच लिहिलंय. उमाबाईला कुणी काढलं यावर आपण तावातावानं बोललो. त्या बाईनं ते पोरगं कसं उठवलं असंल सकाळी, हे कुणी काढलं न्हाई.

पुनम : आई, मी सांगितलं की तुला. मी न सांगता गेले नाही.

सिंधु : राखीपौर्णिमेलाच सांगायला पाहिजे होतंस.

पुनम : हो.

सिंधु : मग पुढं काय? कादंबऱ्याच वाचायच्या?

पुनम : बारावी देते. इथून अभ्यास करीन, पास होईन. सीईटी नाही देणार. पुढचं मला अजून माहीत नाही. खोटं कशाला सांगू.

सिंधु : बापाला तू सांगायचं. मी तोंड उघडणार न्हाई.

पुनम : सांगते.

सिंधु : आन शिवमूर्ती पारावर बसून विचारंल, काय, लेक परत आली का. त्याला बी तूच.

पुनम : त्याला पण.

सिंधु : लई सोपं वाटतंय तुला.

पुनम : नाही वाटत.

गौसिया : पारूबाईचा आवाज हाय, आल्या वाटतं. पुनम, तो पहिला भाग दे इकडं. सगळा न्हाई वाचणार मी. सासू आसंल तेवढी पानं दाखव.

सिंधु : सतरंजी अंथर गं. आन सीईटीचं यांच्यापुढं आज काढू नको. कादंबऱ्यांचं सांग. सुईणीचं सांग.

पुनम : आई, सोमवारी मी जाऊन खोलीवरचं सामान घेऊन येते.

सिंधु : मी बी येते. ती गादी एकटीला जिन्यावरनं उतरायची न्हाई.