बाहेरच्या नांगरावर

प्रेमिला: म्हणजे जहाज खरंच बुडालं, आनंदभाऊ? तुम्ही स्वतः ऐकलं?

आनंदराव: कंपनीचा माणूस दवाखान्यात येऊन सांगून गेला न, वहिनी. तुफानात सापडलं म्हणे. विमानं फिरवली, पण एक फळकूट भेटलं नाही. तार तर तुमच्याकडंही आली असन.

प्रेमिला: आली. 'जहाजाचा तपास लागत नाही' एवढंच होतं तिच्यात. म्हणून तुम्हाला कुहीहून बोलावून घेतलं. जहाजावर यांच्या शेजारच्याच बिछान्यावर झोपत होतात तुम्ही. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

भीमाबाई: कशाले ऐकाचं होतं वं? त्याची माय अजून बसली हाये न इथं, तिले पुस. माहा गुणवंता बुडला नाही. आनंदा, तू पन्हं पे आधी. उन्हातानाचा आला, तोंड पाह्य कसं झालं तुहं.

आनंदराव: ताप गेला, मावशी, पण जाता जाता अंगातली ताकद घेऊन गेला. गुणवंता बुडला नाही म्हणता, तर काही खबर आली का त्याची?

भीमाबाई: खबर कायची? तोच येते. रोज दुपारी.

आनंदराव: कुठं येते?

भीमाबाई: हे काय, इथं फाटकापाशी. गल्लीत चिटपाखरू नसते, त्या वख्ती येते. बाहेर उभा राहते. आत येत नाही न बोलत नाही. मी हाका मारतो त नुसता पाहते.

आनंदराव: वहिनी, मावशी काय बोलून राहिल्या?

प्रेमिला: मलाही दिसतात. पहिल्या दिवशी वाटलं, आईंना ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी बाहेर आले तर फाटकाला यांचा पिवळा टॉवेल बांधलेला, आणि पलीकडे हे.

आनंदराव: पिवळा टॉवेल?

प्रेमिला: तो आमचा खेळ तुम्हाला ठाऊक असेल.

आनंदराव: सांगत होता न. आम्ही पोटं धरून हसत होतो. म्हणे, मी घरी गेलो का फाटकाले पिवळा झेंडा लावतो, मंग बायको बंदराचा डॉक्टर होऊन बाहेर येते.

भीमाबाई: मले त पहिल्या वेळी काही समजेच ना. पोरगं इतक्या महिन्यानं घरी आलं, न दारातच उभं. मी म्हटलं, ये न गा आत. म्हणे, नाही आई, कायदा हाये. जहाज आलं का पिवळा झेंडा लावून थांबते. मंग डॉक्टर येऊन तीन गोष्टी पुसते. कोणी बिमार हाये काय, वाटेत कोणी मेला काय, अन उंदरं मेले काय. तिन्हीले 'नाही' आलं, का उतरू देतात. मंग काय, ही पदर तोंडाले लावून पुसे, अन तो सरकारी माणसासारखा ताठ उभा राहून सांगे. सारी गल्ली पाहाले जमे.

आनंदराव: आन आता?

प्रेमिला: आता ते उभे असतात आणि मी विचारत नाही.

भीमाबाई: तेच त सांगून राहिलो मी. ही पुसत नाही, न पोरगं उन्हात तळून राहिलं. पुसून टाकलं का आत येईन, जेवन, झोपन घडीभर. नवऱ्याले दारात उभं ठेवणारी बायको तू पाहिली का कुठं?

प्रेमिला: दुसरी गोष्ट कशी विचारू, आई? वाटेत कोणी मेलं का, असं मी म्हणायचं, आणि यांनी उत्तर द्यायचं.

भीमाबाई: 'नाही' म्हणन तो.

प्रेमिला: हे कधी खोटं बोलले आहेत का?

आनंदराव: मावशी, राग नका मानू. दुसऱ्याच्या घरी असं झालं असतं, तर आतापर्यंत मांत्रिक येऊन गेला असता.

भीमाबाई: आपल्या घरी ते चालत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली न, त्याच सांजेले माह्या सासऱ्यानं देव अन भुतं एका गाठोड्यात बांधून नागनदीत सोडले. भूत मानत नाही आपण. म्हणून त म्हणतो, हा भूत नाही. गुणवंता हाये.

प्रेमिला: मांत्रिक नाही, पिंड नाही, कावळा नाही. नको आहेच ते. पण मग यांच्यासाठी आपल्यापाशी दुसरं आहे काय? एक बंदराचा कायदा, तोही यांनीच शिकवलेला. आनंदभाऊ, पुढचं तुम्ही सांगा. वाटेत माणूस मेला असं निघालं, तर जहाजाचं काय करतात?

आनंदराव: बाहेरच्या नांगरावर ठेवतात. किनारा दिसते, लोकांचे स्वैपाकाचे धूर दिसतात, पण उतरता येत नाही.

प्रेमिला: मग निघून जायचं.

आनंदराव: तेही आपल्या मनानं नाही जाता येत. निघाची परवानगी बंदरच देते, आतली देते तशीच. माणसं पुरी पाहिजे. जेवढी सांगितली तेवढी जहाजावर उभी दिसली पाहिजे. एक कमी भरला, का जहाज हलत नाही.

प्रेमिला: आणि एखादा आजारी पडून खाली उतरला तर?

आनंदराव: तर बंदरानं तसं कबूल करा लागते. हा माणूस आमच्याकडं उतरला, बाकीचे पुरे हायेत, जा.

प्रेमिला: तुम्ही उतरलात तेव्हा कोणी कबूल केलं होतं?

आनंदराव: नाही.

प्रेमिला: नाही?

आनंदराव: परवानगी आधीच झाली होती न, वहिनी. हजेरी झाली, मीही उभा होतो हजेरीले. मंग एकदम असा ताप चढला, का मी शिडीखाली पडलो. तिकडं तुफानाचा बावटा लागलेला. बंदरात राहाल तर धक्क्यावर आपटाल, खुल्या समुद्रात जा, असा हुकूम. मले एका नावेत टाकून दवाखान्यात धाडलं न जहाज काढलं. माहं सकाळी कबूल करू, बंदरवाले म्हणाले. सकाळी जहाज कुठं होतं?

भीमाबाई: जाऊ दे गा ते. तू वाचला न, बस झालं. आज तूच सांग हिले, का पुस म्हणून.

(फाटकाची कडी वाजते.)

भीमाबाई: आला.

आनंदराव: तोच हाये. मावशी, तोच हाये. बाहेर पान हलून नाही राहिलं, अन टॉवेल कसा फडफडून राहिला.

प्रेमिला: आई, तुम्ही दोघं ओट्यावरच बसा. मी जाते फाटकापाशी. आज विचारते.

भीमाबाई: पदर घे डोक्यावर, ऊन हाये. अन हळू पुस. त्याले घाबरवू नको.

आनंदराव: ओठ हलून राहिले त्याचे.

भीमाबाई: बोलला? काय बोलला वं? मले काही ऐकू नाही येऊन राहिलं.

प्रेमिला: आजारी आता कोणीच नाही म्हणतात. उंदरांचं माहीत नाही म्हणतात.

भीमाबाई: अन मधलं?

प्रेमिला: विचारलं.

भीमाबाई: मंग?

प्रेमिला: 'सगळे,' म्हणाले. 'एक सोडून.'

आनंदराव: मावशी, गल्लीकडं पाहा.

भीमाबाई: हे कोण होय? इतके लोक कुठून आले भर दुपारी?

आनंदराव: तो पांढऱ्या दाढीचा, तो आमचा सारंग. खलाश्यांचा मुकादम. त्याच्या बाजूले आमचा रांधणारा. तो लहानसा दिसते तो गोव्याचा पोरगा, इंजिनातला. सारे हायेत, मावशी. हजेरीले उभे राहतात तसे उभे हायेत. माही जागा मोकळी सोडली हाये त्यायनं.

प्रेमिला: आई, यांना आत यायचं नाही.

भीमाबाई: नाही कसं? घर हाये त्याचं.

प्रेमिला: निघायचं आहे म्हणतात. बंदर सुटलं तेव्हा सांगितले होते पुरे, आणि भरतात एक कमी. म्हणून पुढं कुणी घेत नाही. जिथं जातात तिथं उभे राहतात, पण कोणी विचारायलाच येत नाही. विचारणारं घर एकच ठाऊक होतं म्हणतात. हे सगळ्यांना घेऊन आले इथं.

भीमाबाई: अन मी पोरगं भुकेलं असन म्हणून रोज भात राखून ठेवला.

प्रेमिला: आनंदभाऊ, तुम्ही कुठं निघालात? अनवाणी? अहो, फरशी तापली आहे.

आनंदराव: तापली नाही, वहिनी. गार हाये. ओली हाये.

भीमाबाई: आनंदा, खाली बस.

आनंदराव: नावं घेणं चालू झालं, मावशी. सारंगाचा आवाज ऐकू येते मले. माह्या नावापाशी येऊन थांबला तो.

प्रेमिला: आई, हात धरा त्यांचा. सोडू नका.

भीमाबाई: धरला. माय वं, कसा गार पडला हा. प्रेमिला, हा नाही गेला त काय होईन?

प्रेमिला: काही नाही. जहाज इथंच राहील.

भीमाबाई: म्हणजे गुणवंता येईन? उद्या बी?

प्रेमिला: रोज येतील.

भीमाबाई: मंग येऊ दे न. आनंदाले मी सोडत नाही, अन तो येत राहीन. बोलू नको म्हणाव, आत बी नको येऊ. दुपारी घडीभर डोळ्यानं दिसला त माह्यासाठी खूप झालं. कोणाचं काय बिघडते त्यात?

प्रेमिला: जवळून पाहा यांना एकदा.

भीमाबाई: दिसून राहिला मले.

प्रेमिला: नाही आई, जवळून. जहाज गेल्यापासून डोळा लागला नाही यांचा. उभं राहिलं तरी पायाखाली पाणी हलतंच म्हणतात. बसता येत नाही, टेकता येत नाही. हे आपल्याला भेटायला येत नव्हते. रोज विनवायला येत होते, आणि मी घाबरून दारात उभी.

भीमाबाई: हे सारेच असे?

प्रेमिला: सगळेच.

भीमाबाई: त्या गोव्याच्या पोराले माय असन?

आनंदराव: हाये. चिठ्ठ्या येत त्याले. मलेच वाचून दाखवे.

भीमाबाई: तिले त दुपारचा बी दिसत नसन तो. इथं माह्या दारात उभा हाये, न तिले पत्ता नाही. कशी माय हावो मी. माहा एक दिसावा म्हणून दुसऱ्यायच्या पोरायले उन्हात बांधून ठेवाले निघालो.

प्रेमिला: मी सांगते त्यांना, आई. तुम्ही फक्त आनंदभाऊंना धरून ठेवा.

भीमाबाई: तू नको.

प्रेमिला: विचारलं मी, तर परवानगीही मीच द्यायला हवी.

भीमाबाई: घरातलं मोठं मी हाये. अन त्याले बायकोच्या तोंडून 'जा' ऐका लागू नये. माय पोराले रोजच म्हणते, जाय गा, ऊन व्हाच्या आत जाय. मी म्हणतो.

प्रेमिला: त्यांच्याकडे पाहून म्हणा मग.

भीमाबाई: गुणवंता, ऐकतं का रे बापा? हा आनंदा आमच्याकडं उतरला. बिमार होता, आम्ही ठेवून घेतला. त्याचं नाव आता घेऊ नका. तुमच्यात कोणी कमी नाही. बाकीचे तुम्ही पुरे हायेत. हा गोव्याचा, तो रांधणारा, तो दाढीवाला मुकादम. अन तू. तू बी त्यायच्यातलाच हायेस. परवानगी हाये तुमाले. जाय, बेटा.

प्रेमिला: टॉवेल सोडून घेतला यांनी.

भीमाबाई: गेले?

प्रेमिला: वळले. कोपऱ्यापर्यंत गेले. आता गल्ली रिकामी आहे.

भीमाबाई: मागं पाहिलं का त्यानं?

प्रेमिला: पाहिलं.

भीमाबाई: कोणाकडं?

प्रेमिला: तुमच्याकडे, आई.

भीमाबाई: खोटं बोलून राहिली तू.

प्रेमिला: हो.

भीमाबाई: बरं केलं.

आनंदराव: मावशी, फरशी चटके देऊन राहिली.

भीमाबाई: मंग सावलीत ये न. आनंदा, तू इथं आला, हे तुह्या मायले माहीत हाये का?

आनंदराव: नाही. झोपली होती, तसाच निघालो. मी आज राहतो न तुमच्यापाशी. उद्या जाईन.

भीमाबाई: नाही. भात हाये तो खाय, न आता भेटन त्या पहिल्या बसनं कुहीले जाय. मायले तोंड दाखव.