मालिकेचं पुस्तक

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या मुग्धाच्या कानावर शेजारच्या दोघा पन्नाशीतल्या मित्रांचं बोलणं पडलं.

"रुपराव, कालयंत्राच्या त्या मालिकेचं पुस्तक वाचलं होतं का गा? मले तर मालिकाच आवडे."

"मनोहर, लहानपणी आमच्या घरी टीव्ही कुठं होता! माही मोठी बहीण, सुभद्राताई, मले पुस्तक वाचून दाखवे. शेवटी त्यातला हिरो भूतकाळातून घरी येते, तवा मी टाळ्या वाजवल्या होत्या."

"घरी? पुस्तकात तर तो तिकडंच अडकून राह्यते."

"मालूम आहे. या दिवाळीत पहिल्यांदा स्वतः वाचलं."

मुग्धानं हातातला मोबाइल खाली ठेवला.

"मंग ताईनं खोटं काहून वाचलं?"

"तवा बाबा खाणीत गेले, ते वापस आलेच नव्हते."

"ताईले विचारलं?"

"विचारलं. म्हणे, मी वाचताना तू सारखा दाराकडं पाहून राहिला होता गा."