आधीच फुटणारे गोळे

१९१७च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका गावात सलगमासाठी रांग लागली होती. रोझीनच्या पुढे तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या दोघी उभ्या होत्या.

"ओटिली, पोराचं पत्र आलं?"

"आलं. म्हणतो, आपलेच गोळे आधी फुटतात, आपल्याच खंदकावर. त्याच्या शेजारचे दोघं गेले."

"असलं लिहू देतात?"

"रजेवरच्या माणसाच्या हाती पाठवलंय. हेडविग, गोळ्यांच्या तपासणीला तूच असतेस ना गं?"

"असते."

"मग?"

"लढाईआधी कारखान्यात घड्याळं व्हायची. मिनिटभर मागे पडलं तरी मालक परत पाठवायचा. आता गोळा वेळेवर फोडणाऱ्या कळीत खोट दाखवली, की मुकादम म्हणतो, शिक्का मार, आकडा भरायचाय."

"आणि तू मारतेस?"

"मारते."

"किती मारलेस असे?"

"नको ना विचारू."

"बरं, नाही विचारत. उद्यापासून खोट दिसली की बाजूला ठेव."

"कामावरून काढतील गं."

"काढू देत. माझ्या सलगमातलं अर्धं तुझं."

"माझ्यातलंही घ्या, बाई," रोझीन मागून म्हणाली. "माझा नवरा तिकडेच आहे."

हेडविग वळली. "त्यांचं पत्र येतं का?"

"ऑक्टोबरपर्यंत येत होतं."