खेकड्याची डावी बाजू

पद्माकाकू, मीराताई, सेल्वम सर, सिनेमावाली मंडळी आणि आपल्या मंडळाचे सगळे. नुंगंबाक्कमच्या याच हॉलमध्ये मी दरवर्षी गणपतीत सूत्रसंचालन करतो. माझ्या हातातला माईक काढून घ्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आज तो हातात घ्यायलाच नको वाटत होतं. इतकी माणसं आलीत, उन्हातून, लांबून. तुमच्यासमोर बोलणं अवघड आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

मीराताई, तुमचे वडील गेलेत, तुम्हाला काम सांगू नये. तरी सांगतो. सेल्वम सर तुमच्या शेजारी बसलेत, त्यांना मराठी कळत नाही. मी बोलेन ते त्यांना तमिळमध्ये सांगत राहा. काही गाळू नका.

मी नितीन. मूळचा साताऱ्याचा, इथे गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. सेतुरावकाकांशी माझं नातं काय, तर ते खेकड्याची उजवी बाजू होते आणि मी डावी.

हसा, हसा. काका असते तर तेही हसले असते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. एन्नोरच्या खाडीतून राक्षसी खेकडा वर येतो आणि माणसं खातो, असे पाच सिनेमे सेल्वम सरांच्या वडिलांनी काढले. स्वस्तातले, पटापट काढलेले. पहिल्यात खेकड्याने कोळी खाल्ले, दुसऱ्यात पोलीस, पाचव्यात तर वऱ्हाडाची अख्खी बस. त्या खेकड्याच्या आत दोन माणसं असायची. खेकडा आडवा चालतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा असा प्रकार नाही. उजवीकडे सेतुरावकाका, डावीकडे त्यांचा धाकटा भाऊ. पाचही सिनेमांत कलाकारांच्या यादीत शेवटी यायचं, 'खेकडा: स्वतः'. मी काकांना विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटलं? म्हणाले, "वाईट काय? खरें तेंच लिहिलें की!"

पुढे धाकटा भाऊ गेला. सरांचे वडीलही गेले. खेकडा संपला, असं सगळ्यांनीच धरून चाललं. आणि इतक्या वर्षांनी सरांनी सहावा भाग काढायचं ठरवलं. खेकडा कॉम्प्युटरवर करणार होते. पण काका त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. सत्तरी उलटलेला माणूस, मधुमेह, गुडघे दुखतात. म्हणाले, एकदा मला आत जाऊ द्या. सरांनी मान्य केलं. त्यांचे उपकार आहेत, आणि ते मी इथे सगळ्यांसमोर मानतो.

काकांची एकच अट होती. डावीकडचा माणूस मराठी पाहिजे. कारण आत काही दिसत नाही. पावलं मोजायची, वळायचं, थांबायचं, ते दोघे भाऊ सगळं मराठीत बोलायचे. तंजावरची मराठी. त्या काळी आवाज नंतर स्टुडिओत भरायचे, त्यामुळे खेकडा माणसं खात असताना आत खुशाल गप्पा चाललेल्या असायच्या. आज घरी सांबार कशाचं आहे इथपर्यंत.

तर महाप्रसादाच्या रांगेत काका माझ्यापुढे उभे राहिले, माझ्या खांद्याला खांदा लावून उंची पाहिली आणि म्हणाले, "बरोबर येतें. खेकडा होतां का?" मी हो म्हटलं. कारखान्यात दिवसभर बोल्ट बघणाऱ्या माणसाला असं कोण विचारतं?

आमची तालीम त्यांच्या गच्चीवर, चादरीखाली. पहिल्याच दिवशी आम्ही काकूंच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवरून गेलो. काकू, तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी इथे सांगत नाही.

पण या वेळी एक अडचण होती. सर म्हणाले, आवाज जागेवरच घेणार. ॲक्शन म्हटल्यावर आत एक शब्द नको. काकांच्या साऱ्या आयुष्याची सवय! मग त्यांनीच युक्ती काढली. बाहेरचे दोन हात नांग्यांत जातात, आतले दोन मोकळे असतात. ते एकमेकांत धरायचे. एकदा दाबलं की एक पाऊल. दोनदा दाबलं की थांबा. मला दहा दिवसांत जमलं. त्यांना महिना लागला. चूक झाली की स्वतःलाच म्हणायचे, "उगा राहा, सेतू." उगा राहा म्हणजे गप्प राहा. आम्हा साताऱ्याच्या लोकांना हा शब्द पोथीत सापडतो. त्यांच्या घरात तो रोजचा होता.

आता ती सकाळ. एन्नोरची खाडी, ओहोटी, मागे वीज केंद्राच्या चिमण्या, पायाखाली राखेचा चिखल. खेकड्याच्या मरणाचा शॉट. खेकडा पाण्यातून वर येतो, पडतो, आणि हिरॉईन त्याच्या पाठीवर हात ठेवून बोलते. एकच टेक मिळणार होता. खेकड्याचं कातडं स्पंजचं. स्पंज पाणी प्यायला की फाटतो, आणि कातडं एकच होतं.

आम्ही अकरा पावलं चाललो. काकांनी अकरा वेळा हात दाबला. एकही चुकला नाही. मग आम्ही पडलो. आता नुसतं पडून राहायचं. बाहेर ती पोरगी रडत बोलत होती, फार छान बोलत होती. आत अंधार, चिखलाचा वास, गुदमरायला होत होतं. आणि काकांचा हात सैल पडला. मी दाबला, उत्तर नाही. पुन्हा दाबला, उत्तर नाही.

मी घाबरलो. मी म्हणालो, "काका, बरे आहात ना?"

मी म्हणालो. मीराताई, हे नीट सांगा सरांना. आधी मी बोललो. त्यावर काका म्हणाले, "उगा राहा, बाबा." ते नुसते मेल्याचं काम करत होते. चोख करत होते.

माईकने दोन्ही पकडलं. सरांनी कट म्हटलं. कातडं उघडलं. "यार पेसिनदु?" कोण बोललं? सर चिडले होते, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. काकांनी चिखलातूनच हात वर केला. म्हणाले, मी. जुनी सवय, सर.

आणि मी? मी गप्प बसलो. जिथे गप्प बसायचं तिथे बोललो, आणि जिथे बोलायचं तिथे तोंड शिवून बसलो.

पुढचं युनिटला माहीत आहे. म्हातारा आता ऐकत नाही, असं ठरलं. राहिलेले दोन दिवसांचे शॉट कॉम्प्युटरवर गेले. ज्या दोन दिवसांसाठी काका महिनाभर चादरीखाली घाम गाळत होते, ते दोन दिवस त्यांनी घरी पेपर वाचत काढले. आपल्या मंडळात विषय निघाला तेव्हा कुणीतरी म्हणालं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सगळे हसले. मीही हसलो. काका समोर बसले होते. तेही हसले.

मी ठरवलं होतं, सिनेमा लागला की सरांना सांगू. तोवर त्यांचा राग शांत होईल. सिनेमा अजून लागायचाय, आणि काका गेले.

परवा मी काकूंकडे गेलो. म्हटलं, आधी तुमच्यापाशी कबूल करतो. काकूंनी डबऱ्यात, म्हणजे इथल्या पसरट वाटीत, कॉफी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "मला ठावें आहे. त्याच दिवशीं सांगितलें त्यांनीं." मी विचारलं, रागावले होते? म्हणाल्या, "नाहीं रे. म्हणाले, तो माझ्यासाठी भ्यायला. त्याला कां शिव्या खाऊं द्यायच्या?"

मला तिथे रडू आलं. आताही येतंय. येऊ दे.

सर, माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या युनिटला सांगा, सेतुरावांनी तो शॉट बिघडवला नाही. डाव्या बाजूने बिघडवला. उजवी बाजू अकराच्या अकरा पावलं बरोबर चालली, मेली आणि मेलेली राहिली.

सर उठून उभे राहिलेत. नंद्री, सर. आभार.

आता आपण सगळेच उभे राहू. काकू, तुम्ही बसूनच राहा. दोन मिनिटं शांतता. शेजाऱ्याचा हात धरावासा वाटला तर धरा. तो सैल पडला तरी काही विचारू नका.

काका, त्या दिवशी मला जमलं नाही. आज उगा राहतो.