ग्रिम्सबीची चौकशी

२००४ साली सौदीतल्या जुबैलच्या एका दवाखान्यात इकाम्याच्या, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्याच्या, तपासणीसाठी बसलो होतो. पुढच्या बाकावर एकाच कंपनीच्या गणवेशातले दोघे कोकणातले होते.

"इब्राहीमभाई, शबनमला काय कळवलंत?"

"अजून काही नाही, नागेश. इंग्लंडातल्या नर्सच्या नोकरीला हो की नाही, ते तिला आज सांगायचंय. पण पोरगी पाठवायची तर गावाची चौकशी नको? ग्रिम्सबीत आपलं कोण आहे?"

"मी आमच्या इंग्रज साहेबाला विचारलं. ग्रिम नावाच्या कुणाचं तरी गाव, म्हणाला. तिकडे शेवटी 'बी' आलं की ते नाव बहुतेक डेन्मार्कच्या लोकांनी ठेवलेलं. डर्बी, व्हिटबी, सगळी त्यातलीच."

"म्हणजे आपल्या वाडीसारखं?"

"तसंच. हजारेक वर्षांपूर्वी होड्यांतून आले."

"कामाला?"

"लुटायला. मग शेती करून राहिले."

"आणि परत कधी गेले?"

"परत कशाला जातील? गावाला नाव त्यांचंच."

"बघ. मी बावीस वर्षं इथं पाइप जोडतोय, कँपातल्या खाटेला माझं नाव नाही. नंबर आहे."

"तुमचं राहू द्या. तिला काय सांगताय?"

"तू साहेबाला विचारलं नसतंस तर बरं झालं असतं."

इब्राहीमभाईंनी मोबाइल काढला.

"शबनम? हो म्हणून कळव त्यांना. झाली चौकशी, दर्यावर्दी माणसांचं गाव आहे. फक्त आईला परतीची तारीख सांगू नकोस. मी दोन वर्षं सांगितली होती."