वाफेच्या कपारीवरचा दोर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, चाळीसगावहून मुद्दाम आलेले आमचे जुने साहेब यादवराव नाना, व्यासपीठावरील अधिकारी मंडळी, माझे सहकारी, आणि सभागृहात बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. आज निवृत्त होतोय, पण चौतीस वर्षांच्या नोकरीत मी कधी माइकसमोर उभा राहिलो नाही. भूजल सर्वेक्षणाच्या कामात बोलावं लागत नाही. विहिरी मोजायच्या, पाण्याची पातळी लिहायची, संध्याकाळी सही करायची. धुळ्यात तेच केलं, इथे जळगावात तेच केलं.

आपण सर्वजण माझ्याबद्दल फार चांगलं बोललात. नाना म्हणाले, "यांच्या नोंदवहीत मला कधी खाडाखोड सापडली नाही." टाळ्याही झाल्या. नाना, आपलं म्हणणं खरं आहे. खाडाखोड नव्हती. त्यातल्या एका नोंदीबद्दल मला आज बोलायचं आहे. पाच-दहा मिनिटं जास्त लागतील, सांभाळून घ्यावं.

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यात गरम पाण्याचा झरा होता. त्याच्या वर, टेकडीत एक खोल गुहा. थंडीत तिच्या तोंडातून वाफ निघायची, म्हणून गावातले लोक तिला वाफेची कपार म्हणत. हे पाणी कुठून येतं, किती आहे, शेतीला चालेल का, ते पाहायचं काम १९८३च्या डिसेंबरात माझ्याकडे आलं.

आत उतरायला माणूस हवा होता. तोताराम मिळाला. विहिरी खणणारं घराणं, कुठल्याही पाण्यात उतरणारा माणूस. त्याचा दोर धरायला उखर्डू, त्याचा मेहुणा. त्या लोकांची रीतच तशी होती. खाली उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाच्या हातात. का, ते मी विचारलं नाही. न विचारताही कळतं ना आपल्याला?

दोघांचं भांडण ऐकायला मजा यायची. कमरेला दोर बांधता बांधता तोताराम म्हणायचा, "शाल्या, दोर नीट धरजो. नही तर तुन्ही बहीन कायमनी तुन्हा घर यी."

उखर्डू म्हणायचा, "यी तर येऊ दे. भाकरी तरी बेस टाकस ती."

पहिल्या दिवशी मीही उतरलो. तीस-पस्तीस फूट सरळ खाली, मग एक उतार, बसून सरकत जावं लागे. बाहेर स्वेटर घातलेला, आत घामाने अंग भिजलं. बॅटरीची काच पुन्हा पुन्हा पुसावी लागत होती. उताराच्या शेवटी एक डोह होता. काठावर पांढरा थर जमलेला, मिठासारखा. पाणी इतकं स्वच्छ, की तळ हाताशी आहे असं वाटावं. मी थर्मामीटर सोडला. छप्पन्न अंश. तोताराम म्हणाला, "आंघोळनं पानी तापेल शे साहेब, साबू तेवढा लई या." मी हसलो. नोकरीत इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला असेल. आपल्या आधी इथे कुणी मोजमाप केलेलं नाही, हे मनात होतं.

डोहाच्या पलीकडे आणखी एक वाट खाली जात होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तोताराम तिच्या तोंडापर्यंत जाणार होता. पहिले दोन दिवस आम्ही हवा तपासायला आधी पेटता कंदील खाली सोडला होता. तो विझला नाही. त्या दिवशी मी म्हणालो, आता काय गरज आहे.

तोताराम खाली गेला. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की नमुन्याच्या बाटल्या जीपमध्येच राहिल्या आहेत. जीप खाली नाल्यात, जाऊन येऊन अर्धा तास. मी उखर्डूला म्हणालो, तू घेऊन ये.

तो म्हणाला, "मंग दोर तुम्ही धरा."

दोर एका हातातून दुसऱ्या हातात जाताना त्या लोकांत बोलायचं असतं. देणारा खालच्या माणसाचं नाव घेतो, घेणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं. उखर्डू म्हणाला, "तोताराम तुमना हातमा."

मी म्हणालो, "हो, हो, जा."

तो हलेना. "तसं नही, साहेब. बोला."

मग मी बोललो. "माझ्या हातात."

तो टेकडी उतरून गेला. मला गुहेचा नकाशा काढायचा होता. ग्राफ पेपर धरायला एक हात, पट्टीला दुसरा. मी विचार केला, झाड माणसापेक्षा पक्कं असतं, ते दमत नाही. कडेला धावड्याचं झाड होतं, मांडीएवढ्या खोडाचं. त्याला दोर बांधला आणि दहा पावलांवर सावलीत बसलो.

एक झटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे सैल सोडा, तीन म्हणजे वर ओढा. हे मी स्वतः वहीत लिहिलं होतं.

मी रेघ मारत होतो तेव्हा धावड्याची पानं हलली. मी मान वर करून पाहिलं. वारा असेल म्हटलं, आणि पुन्हा रेघ मारायला लागलो. त्या सकाळी वारा नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं की नंतर कळलं, ते आज मला सांगता येत नाही.

उखर्डू आला. त्याने बाटल्या खाली ठेवल्या, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याने गाठ सोडली आणि ओढायला लागला. मी मागून धरलं. तोताराम वर आला तेव्हा गेलेला होता. खालची हवा वाईट होती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी वर आला असता तर.

मी अहवालात लिहिलं, "घटनेच्या वेळी दोर धरणारा मजूर जागेवर नव्हता." यातला एक शब्दही खोटा नाही. नाना, चौकशीला आपण आला होता. उखर्डूने आपल्याला सांगितलं, साहेबांनी मला पाठवलं, दोर झाडाला होता. आपण मला विचारलंत. मी म्हणालो, "आठवत नाही." आपण माझ्यावर विश्वास ठेवला. आपली चूक नाही.

सांत्वनाला मी तोतारामच्या घरी गेलो. उखर्डू दारातच बसला होता. भागाबाई, तोतारामची पत्नी, उखर्डूची सख्खी बहीण, माझ्यासमोर त्याला म्हणाली, "तू खोटं बोलस. सायेबलोक कागदवर खोटं कशाले लिखतीन?" तो माझ्याकडे पाहत राहिला. मी चहा घेत होतो. तो संपवला आणि निघालो.

त्यानंतर उखर्डूला कुणी विहिरीवर दोर धरायला बोलावलं नाही. बहीण भावाशी बोलली नाही. दहा वर्षं झाली. मला बढती मिळाली.

मागच्या आठवड्यात मी दोघांच्याही घरी वेगवेगळा जाऊन आलो. दुसरं येणार आहे, हे कुणालाच सांगितलं नाही. उखर्डू म्हणाला, "आते कशाले, साहेब?" तरी तो आला आहे. शेवटच्या रांगेत, खिडकीशी. भागाबाई पुढे, बायकांमध्ये बसल्या आहेत. हे घरी जाऊन एकट्याला सांगता आलं असतं. पण माझा तो अहवाल गावात चार लोकांत वाचला गेला होता, तर हेही चार लोकांतच व्हायला हवं.

उखर्डूभाऊ, उठू नका. बसा. माझं झालंच.

भागाबाई, तुमच्या भावाने दोर सोडला नाही. तो मला सोपवून गेला, नाव घेऊन सोपवून गेला. मी "माझ्या हातात" म्हणालो आणि झाडाला बांधला.

हेच सगळं मी लिहून, सही करून आणलं आहे. अध्यक्ष महोदय, हा कागद आपण त्या अहवालाला जोडावा, आणि एक प्रत त्यांच्या ग्रामपंचायतीत वाचायला पाठवावी. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. नाना, माझ्याबद्दल बोललात ते परत घ्यायचं असेल तर जरूर घ्या.

आयोजकांनी एवढी तयारी केली, मी त्यांच्या कार्यक्रमाचं हे असं केलं. त्यांचे आणि आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत त्याबद्दल आपले मनापासून आभार. बोलताना शब्द मागे-पुढे झाले असतील, ते आपण पोटात घाला. जे मी केलं ते मात्र पोटात घालू नका. ते माफ करायचं की नाही, हे या सभागृहात दोघांनीच ठरवायचं आहे, आणि त्यांनीही ते आज ठरवायला हवं असं नाही.

मी खाली बसतो.