रक्तगट न जुळलेली जोडी

लेक संशोधनापायी जेवणखाण विसरते, म्हणून तिला चांगलं खडसावायचं ठरवून डॉक्टरीणबाईंचे वडील डबा घेऊन किडनी विभागाबाहेर बसले होते. शेजारी एक नवरा-बायको बोलत होते.

“तुझा रक्तगट माझ्याशी जुळत नाही. विषय संपला,” नवरा म्हणाला.

“इतक्या वर्षांत आपलं एक मत तरी जुळलं का? संसार झालाच ना! या डॉक्टरीणबाईंचा लेख वाचलाय मी. गट जुळत नसला तरी आधी उपचार करून किडनी बसवता येते.”

“लेखात काय, सगळं गोडच लिहितात.”

“नाही हो. कुणाची किडनी टिकली नाही, कोण दगावलं, तेही आहे. स्वतःचं कुठं चुकलं, तेसुद्धा.”

“स्वतःची चूक? छापून?”

“म्हणून तर विश्वास बसला माझा.”

“आणि तुला काही झालं तर?”

“किडनी देणाऱ्यांचं पुढं काय झालं, यावर त्यांचा वेगळा लेख आहे. वाचून दाखवू?”

“नको. त्यांनाच विचारू.”

तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई बाहेर डोकावल्या.

“बाबा, अजून वेळ लागेल. चिडलात?”

“छे गं! मी बसतो निवांत. तू आधी या दोघांना आत घे.”